रेश्माच्या हातची कॉफी

मी दुसऱ्यांच्या घरी जाऊन त्यांना त्यांच्याच स्वयंपाकघरात कॉफी करायला शिकवते. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, कॉफीत शिकवायचं काय, मशीन घेतलंय ना? त्यांचंही बरोबर आहे. जाहिरातीतली बाई एका बोटाने बटण दाबते आणि दुसऱ्या हाताने केस मागे सारते. जाहिरात संपल्यावर ती कपातली कॉफी पिते की मोरीत ओतते, ते मात्र कोणी दाखवत नाही. ओतत असणार, असं माझा अनुभव सांगतो. नवं मशीन सुरुवातीला जी कॉफी देतं ती पिण्यासारखी नसते, आणि ती पिण्यासारखी करून देणं हे माझं काम आहे.

पावण्याला एमआयडीसीत आमचं सर्व्हिस सेंटर आहे. वाशीपासून उलव्यापर्यंत कोणी कॉफीचं मशीन घेतलं की सेंटरमधून फोन येतो आणि मी पिशवी उचलून निघते. कामाचं नाव कागदावर मोठं आहे, पण सगळे त्याला डेमोच म्हणतात. सोसायटीचा वॉचमन वहीत 'कॉफी मॅडम' लिहितो. आमच्या सारसोळे गावात मी नुसती काफीवाली. या कामाबद्दल लिहायला बसले खरी, पण रेश्माबद्दल लिहिल्याशिवाय माझ्याने राहवणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. रेश्मावर मी जळते. आता या वयात ते लपवण्यात काही अर्थ नाही.

आधी मशीनबद्दल. वरच्या डब्यात भाजलेल्या कॉफीच्या बिया टाकायच्या, मागच्या टाकीत पाणी भरायचं. बटण दाबलं की आतली चक्की बिया दळते, ती पूड आतल्या आत दाबून बसवली जाते, तिच्यातून गरम पाणी जोराने ढकललं जातं आणि खाली कपात कॉफी उतरते. चोथ्याची वडी आपोआप मागच्या डब्यात पडते. एवढं सगळं मशीन करतं. माणसाने ठरवायचं ते एवढंच, की दळण किती बारीक, पूड किती आणि पाणी किती. कारखान्यातून मशीन येतं तेव्हा दळण जाडसर ठेवलेलं असतं आणि पाणी भरपूर, म्हणजे कोणाच्या घरी अडकायला नको. त्यामुळे पहिली कॉफी येते ती पिवळट, आंबूस. मग माणसं मोठ्या कपाचं बटण दाबतात, आणि त्या आंबूस पाण्यात वर कडू पाणी पडतं.

मी गेले की आधी दळणाची चकती एक खूण बारीक करते. तीही चक्की फिरत असतानाच, कारण बंद चक्कीत चकती पिळली तर आतले दात अडकतात. फरक मात्र लगेच कळत नाही. आधीची जाड पूड आत राहिलेली असते, दोन-तीन कप जाऊ द्यावे लागतात. इथेच लोकांचा धीर सुटतो. ते पुन्हा चकती पिळतात, परत पिळतात, आणि शेवटी मशीनमधून कॉफी थेंब थेंब गळायला लागते. थांबा, मशीनला वेळ द्या, असं मी त्यांना सांगते. मग पाणी निम्म्यावर आणते, कप गरम पाण्याने विसळून घेते. काळ्याकुट्ट, तेलकट बिया घेऊ नका, पाकिटावर भाजल्याची तारीख बघा, आणि डब्यात दोन दिवसांपुरत्याच टाका, कारण आपली हवा खाडीची आहे, बिया सादळतात, हेही सांगते. आतला जो भाग सुटा होतो तो आठवड्यातून एकदा नळाखाली धुवा, साबण लावू नका. टँकरचं पाणी असेल तर आधी गाळून घ्या.

आणि शेवटचा नियम, जो प्रत्येक घरात मी उभ्यानेच, बोट वर करून सांगत आले. कॉफी कपात पडली की प्यायची. वरचा सोनेरी फेस विरला की चव गेली. मध्येच फोन आला, बेल वाजली, तर ती ओतून द्या आणि दुसरी करा, पण गार झालेली कॉफी कोणाला देऊ नका. हे मी झोपेतही बोलते असं आमच्या यांचं म्हणणं आहे.

माणसं तऱ्हेतऱ्हेची भेटतात. खारघरच्या एका गृहस्थांनी बियांच्या डब्यात चिकोरी घातलेली तयार पूड ओतली होती, तीही किलोभर. चिकोरीला पाण्याची वाफ लागली आणि आत गुळाच्या पाकासारखं काहीतरी तयार झालं. मी ते खरवडत असताना हे गृहस्थ माझ्या मागे उभे राहून मशीन परदेशी असल्याने त्याला आपली पूड पचत नाही, असं समजावत होते. घणसोलीला एका मोठ्या कुटुंबात मला दसऱ्यानंतर बोलावलं. कॉफीत पांढरे कण येतात अशी तक्रार होती. डब्यात बघते तर बियांमध्ये तांदूळ. त्यांच्या आजोबांनी खंडेनवमीला घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा केली, गाडीची केली, पंपाची केली, मिक्सरची केली, मग कॉफी मशीनलाच का वगळायचं? झाकण उघडं होतं आणि अक्षता आत गेल्या. आजोबांचं म्हणणं पडलं की मुख कुठे आहे ते बघूनच त्यांनी अक्षता वाहिल्या होत्या. मी हळदीकुंकवासकट सगळं झटकून काढलं. अजून दर दसऱ्याला त्यांच्या घरून फोन येतो, झाकण लावून ठेवलंय म्हणून.

अशा घरांतून मी फिरत होते आणि माझं बरं चाललं होतं. मग सेंटरमध्ये रेश्मा आली.

रेश्मा मोरा गावची. उरणच्या धक्क्याजवळ त्यांचं घर, आमच्यासारखीच कोळ्यांची. पहिले काही दिवस तिला माझ्याबरोबर पाठवायचं ठरलं, म्हणजे तिला मीच शिकवली. हुशार होती, पण तोंड बंद नसायचं. मी दळण लावायला घेतलं की ही घरातल्या बाईला मासे कुठून घेता ते विचारायची. कप गरम करायला विसरायची. पूड उघड्या पाकिटात ठेवून पाकीट पिशवीत टाकून फिरायची. दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं, "हां ताई, हां," म्हणून पुन्हा तेच. मला वाटलं होतं, ही फार दिवस टिकणार नाही.

आणि वर्ष सरायच्या आत लोक फोन करून तिला मागायला लागले.

सीवूड्सला खाडीच्या तोंडावर एका टॉवरमध्ये कर्णिक काका राहतात. एकटे असतात. त्यांचं मशीन बसवलं तेव्हापासून त्यांच्याकडे मीच जात होते. त्यांच्या मशीनचा खोकला मला फोनवर कळायचा. एकदा मी रजेवर असताना रेश्मा त्यांच्याकडे जाऊन आली, आणि दोनच दिवसांनी सेंटरमधून निरोप आला की कर्णिकांनी रेश्माला पाठवा असं सांगितलंय. मी मुद्दाम स्वतः गेले. काकांनी दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि मग माझ्या मागे लिफ्टकडे बघितलं.

"रेश्मा नाही का आली?"

ती दुसऱ्या कॉलवर आहे, मी सांगितलं. ते साफ खोटं होतं. काम करून निघताना काका अगदी सौजन्याने म्हणाले की तुमचं काम चोख असतं, पण त्या मुलीच्या हातची कॉफी काही वेगळीच लागते. मी हसले. लिफ्टमध्ये शिरल्यावर मात्र माझं डोकं फिरलं. हातची? यात हात आला कुठून? चक्की मशीनची, पाणी मशीनचं, दाब मशीनचा. दळण मी लावून दिलेलं. ती येऊन नुसतं बटण दाबते, आणि हातची कॉफी! निघण्याआधी मी तिने काही बदललंय का ते मशीनच्या पडद्यावर तपासूनही घेतलं होतं. काही बदललं नव्हतं. फक्त बेसिनमध्ये, एकट्या माणसाच्या घरी, दोन कप विसळून पालथे घातलेले होते. म्हणजे ही बया ग्राहकाच्या घरी बसून कॉफी पिते. मी इतक्या वर्षांत ग्राहकाच्या घरी पाणीसुद्धा मागून प्यायले नाही. काम करायचं, पुसून घ्यायचं, निघायचं.

तरीही ग्राहकांचं मी सोसलं असतं. ग्राहक आज आहे, उद्या नाही. मला खरं लागलं ते घरचं.

आमच्या घरी मशीन आलं ते सेंटरमधलं जुनं डेमोचं. नवीन मॉडेल आलं तेव्हा साहेबांनी ते मला देऊन टाकलं. मी ते दुरुस्त केलं, पुसलं आणि ओट्यावर पाट्याशेजारी ठेवलं. घरात आम्ही दोघं आणि आय, म्हणजे माझी सासू. मुलगी लग्न होऊन गेली. आयचा सगळा जन्म नेरूळच्या बाजारात मासे विकण्यात गेला. पहाटे धक्क्यावर जायची ती दुपार उलटल्यावर परत यायची, तोवर मी कामावर असायचे. कधी बाजारात तिला जेवणाचा डबा द्यायला गेले तर ती पाटीमागे बसलेली असायची, शेजारी चहाचा ग्लास, वर बशी झाकलेली. माशा बसू नयेत म्हणून, असं मला वाटायचं. गुडघ्यांनी दगा दिला तसं तिने बसणं सोडलं आणि खिडकीजवळच्या खाटेवर मुक्काम केला.

आयचं आणि माझं भांडण कधी नव्हतं, पण माझं माहेर नोकरदारांचं, वडील कारखान्यात, घरात मासे विकत घेऊन खाणारे. लग्न होऊन आले तेव्हा मला बोंबील साफ करता येत नव्हता. कालवण आयच करायची. मी शिकले, पण माझ्या कालवणाला ती कधी वाईट म्हणाली नाही आणि कधी चांगलंही म्हणाली नाही. मी ते मान्य करून टाकलं होतं. कालवण तिचं, कॉफी माझी. जगभरच्या लोकांना मी कॉफी शिकवते, तर या बाईने माझ्या हातची एक कॉफी शेवटपर्यंत प्यावी, कप रिकामा करून खाली ठेवावा, एवढंच मला हवं होतं. तारीफ नको होती. रिकामा कप हवा होता.

तो मिळेना. रोज सकाळी मी आयला कॉफी करून द्यायचे. ती एक घोट घ्यायची, दुसरा घ्यायची आणि कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून बाहेर बघत बसायची. मी ओट्यापाशी उभी राहून तिच्याकडे बघत असायचे. फेस विरला, वर तेलकट तवंग आला की माझ्याने बघवायचं नाही. कप उचलायचा, गार झाली आय, दुसरी देते, असं म्हणायचं आणि ताजी करून आणायची. त्यातलेही दोन घोट. मग "पुरे गो बय." मी बिया बदलल्या. दळण बदललं. दूध घालून पाहिलं, साखर वाढवून पाहिली, वेलची घातली, जी मी कोणत्याही ग्राहकाला घालू दिली नसती. साहेबांकडून महागाच्या बियांचं नमुन्याचं पाकीट आणलं. तेही दोन घोटांत संपलं. म्हणजे पाकीट नाही, आयची इच्छा.

पाऊस ओसरत आला होता आणि ऊन पडायला लागलं होतं, तेव्हा एका सकाळी मी मशीन चालू केलं आणि स्वयंपाकघरात सुकटीचा वास सुटला. पहिल्यांदा वाटलं शेजारून येतोय. मग कपात नाक घातलं. कॉफीलाच जवळ्याचा वास. मी आयला विचारलं. ती शांतपणे म्हणाली की त्या डब्यातल्या बिया हाताला मऊ लागत होत्या, म्हणून काल तिने त्या सुपात काढून गच्चीवर वाळत घातल्या. गच्चीवर जवळा वाळत होताच, त्याच्या शेजारी. संध्याकाळी परत डब्यात भरल्या. तिच्या दृष्टीने जे मऊ पडलं त्याला ऊन दाखवायचं, दुसरा उपाय नव्हता. घणसोलीच्या आजोबांवर मी हसले होते, आणि माझ्याच घरात हे.

मी चक्की उघडून ब्रशने एकेक दात साफ करत बसले होते, इतक्यात रेश्मा दारात. सेंटरची किल्ली माझ्याकडे राहिली होती ती न्यायला आली होती. आयने विचारलं, कोनाची गो तू? मोऱ्याची म्हटल्यावर आय खाटेवर सरळ बसली. आयचं माहेर मोरा. मग काय विचारता. कोणाच्या घरात कोण, कोणाची होडी विकली, कोणाच्या पोराचं लग्न जमलं, धक्क्यावर आता कोण बसतं. जवळ्याच्या वासाची गोष्ट आयने स्वतः तिला सांगितली आणि दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. माझे हात कोपरापर्यंत काळे झालेले आणि मला कोणी विचारतही नव्हतं.

रेश्मा उठली, म्हणाली, ताई तुमी करा तुमचं, मी आयला कॉफी देते. मशीनला तयार पुडीसाठी दुसरं एक तोंड असतं. चक्की वगळून तिथून करता येते. हिने पिशवीतून ते उघडं पाकीट काढलं, किती दिवसांचं होतं देव जाणे, चमचाभर पूड टाकली, कप तसाच गारेगार मशीनखाली धरला आणि बटण दाबलं. कप आयच्या खिडकीत ठेवला आणि स्वतः खाली फरशीवर बसून पुन्हा बोलायला लागली. मी ब्रश घेऊन चक्कीत डोकं घातलं. बाहेर काढलं तेव्हा रेश्मा निघून गेली होती आणि खिडकीत कप आडवा पडला होता. रिकामा.

"या पोरीच्या हातची काफी बरी लागली," आय म्हणाली.

मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मी पुन्हा मशीनकडे वळले आणि पडदा पाहिला. पाणी मी ठेवलं होतं तेवढंच. गरमपणा तोच. शिळी पूड, थंड कप, जे जे मी आयुष्यभर करू नका म्हणून सांगितलं ते सगळं करून त्या मुलीने आयचा कप रिकामा केला होता. मी तो कप उचलून वास घेतला. माझ्यासारख्या बाईने असं करावं याची मला लाज वाटली, तरी घेतला.

त्यानंतर आयने तिला रविवारी येत जा म्हणून सांगितलं आणि रेश्मा येऊ लागली. दर रविवारी ती कॉफी करायची, बसायची, कप रिकामा व्हायचा. बाकीचे दिवस माझे, दोन घोट आणि पुरे. एकदा सेंटरमध्ये मी सहज विचारल्यासारखं करून तिला विचारलं, आयच्या कॉफीत तू काय घालतेस?

"काय नाय ताई," ती म्हणाली. "तुमी शिकवलं तशीच करते."

तिने काही लपवलं असतं तर मला तिचा राग तरी धरता आला असता. आमचे हे म्हणाले, अगं ती आयच्या माहेरची आहे, तिने गरम पाणी दिलं तरी आयला गोड लागेल. हे मला पटलं. माहेरपुढे कोणाचं चालत नाही, मशीनचं कुठून चालणार? पटलं, पण रात्री पाठ टेकली की तो आडवा पडलेला कप डोळ्यांपुढे यायचा. कर्णिक काका काही मोऱ्याचे नव्हते.

मग एका सुट्टीच्या दिवशी मी आयला कप दिला आणि नेहमीसारखी ओट्यापाशी उभी राहिले. तिने दोन घोट घेतले, कप कट्ट्यावर ठेवला. तेवढ्यात कर्णिक काकांचा फोन आला. मशीनखालून पाणी गळत होतं. पाठवा रेश्माला, असं ते म्हणाले नाहीत याचाच मला एवढा आनंद झाला की मी अंगणात जाऊन त्यांना सगळं सविस्तर समजावलं. टाकी काढा, तळाचं रबर बघा, त्यावर काही अडकलंय का ते पुसा, परत बसवा. काका सावकाश माणूस. सगळं होईपर्यंत बराच वेळ गेला. आत आले तर खिडकीत कप रिकामा.

माझा विश्वास बसेना. आधी वाटलं, आयने खिडकीतून ओतली. खाली वाकून पाहिलं, माती कोरडी. मोरी पाहिली, कोरडी. आय माझ्याकडे बघत होती.

"काय सोधतेस?"

"आय, कॉफी पिलीस तू?"

"पिली ना. गार झाली, मंग पिली."

गार झाली मग पिली. मी खाटेच्या कडेवर बसले. तिला विचारलं, गार का? तर तिला या प्रश्नाचंच नवल वाटलं.

"बाजारात कदी गरम चा मिलला मना? ग्लास हातात घेतला का गिऱ्हाईक उबं. हात मावऱ्यात. बशी झाकून ठेवाची, सवड झाली का पिवाची. आता गरम पिली का जीब पोलते." मग, तक्रार नसल्यासारखी, ती म्हणाली, "तू तं कप उचलूनच नेतेस."

आता सगळं लख्ख दिसलं. रेश्मा कप ठेवायची आणि गप्पांत विसरून जायची. ती आयच्या तोंडाकडे बघत बसत नव्हती, फेस विरतोय याचं तिला काही पडलेलं नव्हतं. कॉफी गार व्हायची आणि आय ती पिऊन टाकायची. आणि मी रोज, अगदी वेळेवर, आयची कॉफी तिला हवी तशी व्हायला लागली की उचलून ओतून देत होते. कर्णिक काकांकडे पालथे घातलेले ते दोन कपही मला तेव्हा आठवले.

माझा जळफळाट यामुळे कमी झाला असेल असं कोणाला वाटत असेल तर तसं नाही. उलट वाढला. त्या मुलीला यातलं काही माहीत नव्हतं. तिने काही शोधून काढलं नव्हतं, काही मेहनत घेतली नव्हती. निष्काळजीपणाने ती जिंकत होती. मी बिया बदलत होते, दळण बदलत होते, आणि ती फक्त बसत होती. मला ते बसणं कधी जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी कामावर उशिरा जाईन असं कळवलं. कॉफी केली, सगळं नियमाने, ताज्या बिया, कप गरम करून, पाणी मोजून, कारण ते न करणं मला शक्यच नाही. कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि पाट घेऊन आयसमोर बसले. ओट्याकडे पाठ केली. फेस विरत होता तो मला बघायचा नव्हता, पण नजर जायचीच. एकदा हात पुढे झाला तो मी मांडीखाली दाबून धरला. शेवटी मी विचारलं की आय, तू पहिल्यांदा बाजारात बसलीस तेव्हा पाटीत काय होतं?

आय बोलायला लागली. बोईट होती, म्हणाली. सासूने एकटीला पाठवलं होतं, भाव सांगायला तोंड उघडेना, मग एका गिऱ्हाईक बाईनेच तिला मोठ्याने ओरडायला शिकवलं. इतकी वर्षं मी या घरात आहे आणि हे मला माहीत नव्हतं. बोलता बोलता तिने कप उचलला. तवंग आलेली, मेलेली, थंडगार कॉफी. मी दुसरीकडे बघत राहिले. तिने ती सावकाश, घोट घोट करून, शेवटपर्यंत प्यायली. मग कप तिरका करून आत बघितलं.

"आज बरी जमली गो तुना," ती म्हणाली. "रेश्मानी सिकवली ना?"

माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. रेश्माला मी शिकवली, कप गरम करणं, दळण लावणं, सगळं मी. या गावात ही कॉफी आणली कोणी. पण कप रिकामा होता.

"हो आय," मी म्हटलं. "तिनंच."

"पोरगी हुशार हाय," आय म्हणाली आणि कप माझ्या हातात दिला.

ग्राहकांना मी अजूनही सांगते की कॉफी गरमच प्या, फेस विरायच्या आत प्या. ते खरंच आहे. फक्त आता मी त्यांच्या घरी पाच मिनिटं बसते आणि कोणी कप पुढे केला तर घेते. रविवारी रेश्मा येते. कॉफी मी करते, खिडकीत ठेवते, तिघी बसून मोऱ्याच्या गप्पा मारतो, गार झाली की आय पिते. कप रिकामा झाला की ती रेश्माकडे बघून मान डोलावते आणि रेश्मा उगाच लाजते. मला त्या वेळी उठून काहीतरी काम काढावं लागतं. रेश्माला यातलं काही ठाऊक नाही आणि मी तिला सांगणारही नाही. ती दिवाळी अंक वाचत नाही, म्हणूनच इथे लिहिलं.